नमुना क्रमांक अकरा

सहा ग्रॅम माती, चिमूटभर चुना,
वर ते बिनरंगाचं औषध.
बूच लावायचं, सदतीस अंशांवर निजवायचं,
चोवीस तास.
माती जिवंत असेल तर नळी लाल होते.
पहिल्या दिवशी मॅडमनी एवढंच शिकवलं,
बाकीचं पुस्तकात आहे म्हणाल्या.

दुसरी चाचणी पिवळी.
स्फुरद मोकळं करणारं विकर मातीच्या अंगात असलं
तर पाणी हळदीसारखं उजळतं.
म्हणून शनिवारी सकाळी आमच्या रॅकमध्ये
चाळीस शेतांचं हळदकुंकू मांडलेलं असतं.

अकरा नंबर पांढराच राहिला.
पिवळ्यातही नुसती ताकाची निवळी.
पिशवीवरची चिठ्ठी पाहिली:
गट तीनशे सतरा, आमणापूर, ऊस, खोडवा.
अक्षर भूपालचं. माझ्या भावाचं.

त्या तीस गुंठ्यांत आई भांगलायची.
सहा बायका, उकिडव्या,
हरळी, कुंदा, लव्हाळा उपटून बांधावर,
घोळ आणि चिवळ मात्र ओटीत, भाजीला.
राजाक्काचं खुरपं इतकं झिजलेलं
की ह्यानं आता कान कोरते म्हणायची.

पंचेचाळिसाव्या वर्षी आईचा मणका सरकला
आणि भूपालनं पंप आणला.
खरं सांगायचं तर मी खूश होते.
पंधरा लिटरला किती टोपणं,
डब्यावरचं बारीक अक्षर मीच वाचून दाखवलं.
दोन जास्त घालू, तो म्हणाला.
मी काही बोलले नाही.

आठवड्यात रान झाडल्यासारखं झालं.
आई बांधावर बघत राहिली.
कित्येक वर्षांनी ती त्या रानात
उभी होती.

पंप ओढ्यात विसळला.
सगळेच विसळतात.

आमच्यात मासे खात नाहीत, पण नावं पाठ आहेत:
आंबळी, वाम, मरळ, शिंगटी.
जालिंदर भोई सांगत होता,
आधी शेवाळ गेलं, दगड बोडके झाले.
मग बेडकांची शेपटीवाली पोरं
पाय फुटायच्या आतच कडेला थांबली.
मासे लगेच मेले नाहीत, म्हणाला,
तोंडं वर काढून
नुसतं पाणी चावत होते.

अकरा नंबर मी तीनदा लावला.
तिसऱ्यांदा तर
दुसऱ्या नळीतलं लाल थोडं इकडं ओतावं
असंही मनात येऊन गेलं.

घरी आले तर आई पाणी गाळत होती.
कळशीच्या तोंडावर दुपदरी फडकं.
गाळून झालं की फडकं उलटं करून
अडकलेले जीव ती परत विहिरीत सोडते.
ज्या पाण्याचे, त्याच पाण्यात.
जिवाणी म्हणतात आमच्यात.
पुस्तकात जिवाणू लिहिलंय,
तेवढा एक उकार मध्ये.

नळी लाल झाली नाही, म्हटलं.
तिला वाटलं, मी नापास झाले.
मग सांगितलं सगळं. टोपणांचंही.
ओढ्याचं पाणी विहिरीला पाझरतं,
हे तिलाच माझ्यापेक्षा ठाऊक.
ती फडकं धरून तशीच उभी.
फडक्यातनं थेंब पडत होते फरशीवर.

सगळ्यात लाल कुणाची झाली?

चार नंबर, म्हटलं. राजाक्काची.
ती अजून भांगलते.
व्हय, कूस बदलायला येत नाही तिला, आई म्हणाली,
दोन पोरं मिळून उठवतात.

मला उत्तर सुचलं नाही.

तिनं फडकं तांब्यात झटकलं, वर झाकण घातलं,
चप्पल शोधली
आणि आमची विहीर डावीकडं ठेवून
राजाक्काच्या विहिरीकडं चालायला लागली.
साठ वर्षांत पहिल्यांदा
दुसऱ्या पाण्याकडं.

अंधार पडायला आला होता.
कमरेचा पट्टा खुंटीलाच राहिलेला.
मी तो घेऊन मागं धावले.