जवसाचं तेल

हवालदार कोऱ्यांनी ती आणली टॉवेलात गुंडाळून,
सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधून.
नळी पोलिसांनी आधीच वेल्डिंग मारून बुजवलेली,
दाखला प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर तीन शिक्के.
"सैनिक संघाच्या भिंतीवर लावायचीय, सत्तय्या.
पण ही अशी नको, बोडकी दिसते.
आम्ही खांद्यावर घ्यायचो तशी कर की ओ."

थ्री नॉट थ्री.
पुढचं लाकूड अर्ध्यातच उडवलेलं,
वरचं झाकण नाही, नाकावरचं लोखंड नाही,
मुठीवर चौकड्यांची नक्षी, कुणाच्या तरी हौसेची,
आणि नळी उघडी,
बाही फाटलेल्या सदऱ्यातून हात यावा तशी.

गिरणीत एक साहेब होता, म्हणे.
एकसष्ट साली नान्नजच्या माळावर
काळविटांमागे जीपमधून हिंडायचा.
ही जड पडते म्हणून हलकी करून घेतली.
कुणाकडून, ते हवालदारांना ठाऊक नव्हतं.

मला कळलं तिसऱ्या दिवशी.
गंजलेल्या स्क्रूंना रात्रभर रॉकेल पाजलं,
लाकूड नळीपासून हलकेच सोडवलं.
आतल्या खाचेत, जिथं इतकी वर्षं उजेड गेला नव्हता,
सुतारी पेन्सिलीची रेघ,
रेघेशेजारी सात, खाली तेलुगूत एक शब्द.
मी तेलुगू बोलतो, वाचता येत नाही.
पण पोटात आडवी दांडी दिलेला तो इंग्रजी सात
आमच्या धोट्यांच्या हिशेबवहीत पानोपानी आहे.
नान्नांचा सात.

लाकूड घेऊन शेजारच्या पोचम्मा अत्तांकडे गेलो.
त्या विड्या वळत होत्या. चष्मा पुसला, लाकूड उन्हात धरलं.
"इक्कड," म्हणाल्या. "दुसरं काय असणार?
इथं."

इथं काप.
आणि मला जोडायचं होतं, तेही इथंच.

मेरठहून अक्रोडाचा तुकडा मागवला.
आला तो गोरापान, परक्या गावच्या नवरीसारखा.
चहाच्या पाण्यात, मग बाभळीच्या सालीत भिजवला,
तरी एक छटा कमीच.
शहाणा सुतार इथं तिरका जोड देतो,
दोन्ही टोकं उतरती तासून एकमेकांवर निजवतो;
रेघच दिसत नाही.
पण तासायचं म्हणजे नान्नांची पेन्सिल भुशात जाणार.
रंधा हातात घेऊन मी दोन दिवस बसलो.
मूळ रूप, मूळ रूप, म्हणतो आपण.
ज्यानं मोडलं त्याच्या हातचा काप किती सरळ होता!
करवत एकदासुद्धा भरकटली नव्हती.
साहेबानं सात रुपये तरी दिले असतील का?

शेवटी काप तसाच ठेवला.
समोरासमोर टेकवलं, आत दोन खुंट्या, सरस, दोरीचा वेढा.
असला जोड बंदुकीचा धक्का सोसत नाही.
पण हिला आता कसला धक्का?
खाचेत, नान्नांच्या शब्दाखाली,
मी मराठीत लिहिलं: इथंच.
आणि नळी वर बसवून स्क्रू आवळले.

चौकड्या मात्र राहिल्या. खोदलेलं परत उगवत नाही.

मग तेल. जवसाचं, घाण्यावरचं,
तळव्यानं चोळायचं, लाकूड कोमट होईपर्यंत,
रोज थोडं, पंधरा दिवस.
बायको स्वयंपाकघरातून विचारायची,
"आज बाहेरून चटणी आणलीत का?"

रविवारी हवालदार आले.
समोरचे माग वीज गेल्यामुळं गप्प होते.
त्यांनी ती खांद्यावर घेतली,
ऐंशी वर्षांची पाठ आपोआप ताठ झाली.
"आता जड झाली," म्हणाले, समाधानानं.
खाली घेताना अंगठा लाकडावरून सरकत गेला
आणि एका जागी थांबला.
माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही.
नुसता हात नाकाशी नेला.
"भाकरी आहे का ओ घरात?"