मापाची वही

रविवार कारंजाच्या मागच्या बोळात
बारा बाय आठचं माझं दुकान,
आणि दुकानात ही वही.
नाव, उंची, कंबर, सीट, मांडी, बॉटम.
तीस वर्षांत किती पुरुष हिच्यापुढे उभे राहिले
श्वास आत ओढून.

श्वास सगळेच ओढतात.
टेप पोटावर आली की छाती पुढे,
नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर.
मी थांबतो. काही बोलत नाही.
माणूस किती वेळ श्वास धरणार?
सुटला की आकडा लिहितो.

दुखतंय असं इथे कुणी म्हणत नाही.
म्हणतात, 'जरा सैल ठेव.'

फडोळ सातपूरला सायकलने जायचे तेव्हा बत्तीस.
मोटरसायकल आली, छत्तीस.
मग रात्रपाळी, पाळी सुटल्यावर मिसळ,
वर दोन पाव जास्तीचे : चाळीस.
चोरखिसा मात्र दरवेळी,
तंबाखूच्या पुडीपुरता.

बस्ते मास्तर म्हणाले,
'हुक-बटण नको आता, इलॅस्टिक घाल.'
मग रस्त्याकडे बघत,
'वेळ मिळत नाही रे, उघडायला.'
गणित शिकवायचे तसंच :
उत्तर फळ्यावर, रीत ज्याची त्याने शोधायची.
इलॅस्टिक घातलं. पैसे घेताना म्हटलं,
'सर, दाखवून या. यालाही डॉक्टर असतो.'
त्यांनी सुटे मोजले. दोनदा.

आणि गायधनी, नाशिकरोडच्या प्रेसमधले.
यांची कंबर उलटी चालली,
अडतीसवरून तीन महिन्यांत पस्तीस.
खूश होते. 'बघ, व्यायाम न करता!'
पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं.
बोलता बोलता माझा तांब्या रिकामा केला,
म्हणाले, रात्री चारदा उठतो, उकाडा आहे ना.
डिसेंबर होता. निफाडला पारा सहावर.

मी त्यांच्या पँटी घडी करून माळ्यावर टाकल्या.
'साखर तपासा. कागद आणा. मग आत घेतो.'
'शिंपी आहेस की सिव्हिल सर्जन?'
वर दोन शिव्या.
आठ दिवसांनी आले, न बोलता कागद पुढे केला.
उपाशीपोटी दोनशे ऐंशी.
पँटी काढल्या, पण म्हटलं, थांबू थोडं.
औषध लागू पडलं की अंग भरेल.
शिलाईत कापड राखणं
शिंप्याला शिकवावं लागत नाही.

त्या रात्री कुमुद वही चाळत होती.
'यात तुमचं नाव कुठाय?'
नव्हतं.
स्वतःची पँट मी अंदाजानेच शिवतो.
तिने टेप घेतली. मी श्वास ओढला.
ती थांबली. काही बोलली नाही.
एकोणचाळीस.

त्र्यंबक नाक्याजवळ, सिव्हिलच्या रांगेत बसलो.
नर्सने दंडाला पट्टा गुंडाळला,
बाहीचं माप घ्यावं तसा, पण करकचून.
'हात ढिला सोडा, काका.'
किती वर्षांनी परकं कुणी माझं माप घेत होतं
आणि 'जरा सैल ठेवा' म्हणायची सोय नव्हती.
एकशे साठ, शंभर.

तेव्हापासून एक गोळी, सकाळी,
आणि गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर तीन फेऱ्या.
तीन म्हणजे, कधी दोन.
बॉबिन संपली की उठतो,
बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन येतो.
लोणचं अजून सुटत नाही. ताट सरकवतो,
मग ताटच परत जवळ येतं.

काल फडोळ आले. कंबर तीच, चाळीस.
'फक्त या वेळी चोरखिसा नको.'
मी वर बघितलं नाही.
पेन्सिल जिभेवर ओली करून
रकान्यात लिहिलं : खिसा नाही.
'त्याचं कापड मात्र ठेवून दे,' ते म्हणाले,
'माझा काय भरवसा.'

हो म्हटलं.
संध्याकाळी त्या तुकड्याने
मशीनचं तेल पुसलं.