समक्ष

त्या एप्रिलात ग्रिम्सबीत
मी फोनवर दिवसभर एकच वाक्य म्हणत होते:
कोणीही दोन सज्ञान माणसं, एकाच वेळी, समक्ष.
खिडकीपलीकडून चालेल.
सही करणारा हात दिसला म्हणजे झालं.

डोरीन स्टॅमर्स, वय एक्क्याऐंशी,
मासळीच्या गोदीमागची गल्ली.
नवरा ट्रॉलरवर गेला त्याला चाळीस वर्षं,
परत आला नाही.
तिनं विचारलं, काच धुवून घेऊ का?
मी म्हटलं, घ्या.

खाऱ्या वाऱ्यानं काच आंधळी होते तिकडं.
पुसली युर्गितानं, बाहेरून, स्वतःच्या बाहीनं.
समोरच राहायची; माशांच्या कारखान्यात रात्रपाळी,
गाव लिथुआनियातलं कुठलंसं.
दूध, गोळ्या, पेपर पायरीवर ठेवून
बेल वाजवायची
आणि सहा पावलं मागं सरायची.
दुसरे साक्षीदार ऑसगर्बी, निवृत्त पोस्टमन, हातमोज्यांसह.

आत टेबल, चष्मा, चार पानं.
डोरीननं आधी पेन उंच धरून दाखवलं,
मग सही केली, सावकाश,
आडनावातले दोन्ही एम नीट काढून.
मग पानं दाराच्या फटीतून बाहेर आली,
पायरीवर, दगडाखाली,
आणि दोघं लिहीत असताना
ती काचेला नाक लावून उभी.

पुतण्या कोर्टात गेला.
त्याचे वकील म्हणाले, भर दुपारी काचेत
माणसाला आपलंच तोंड दिसतं.
युर्गिता जरा थांबली.
हो, म्हणाली, माझं तोंड दिसत होतं.
त्याच्या आत तिचा हात होता.

मृत्युपत्र टिकलं. घर लाइफबोटवाल्यांना गेलं.
गळलं फक्त कलम चार:
माझं शिवणयंत्र, पेटीसकट, समोरच्या युर्गिताला.

जो साक्षीदार, त्याला काही घेता येत नाही.
व्हिक्टोरिया गादीवर आली त्या सालचा नियम.
मध्यंतरी कायद्यानं मोबाइलचा पडदासुद्धा चालवून घेतला,
मुदत संपल्यावर काढून घेतला;
या ओळीला कोणी बोट लावलं नाही.
असेल त्यात शहाणपण.
लोभी माणसाला पेन देऊ नये, बरोबरच आहे.

मी विचारायला हवं होतं:
त्या दोघांपैकी कुणाचं नाव आत आहे का?
सात शब्द.
अकरावा फोन होता तो. चहा गार झालेला.

लिलावाच्या यादीत ते मला सापडलं.
जुनं, चालू स्थितीत. चौदा पौंड.
बसमधून नेलं, मांडीवर, मेलं भलतंच जड.
युर्गिताच्या खिडकीला पडदा होता, दिवसा झोपते ती.
बेल नाही वाजवली.
पेटी पायरीवर ठेवून चिठ्ठी लिहायला घेतली.
'डोरीनकडून' लिहावं, तर खोटा दस्त होतो.
'माझ्याकडून', तर तेही खोटंच.
शेवटी लिहिलं, सुई बदलून घे.
खाली सही केली नाही.
समक्ष कोणी नव्हतं.