टंच

यादी वजनाच्या चिठ्ठीमागं लिहिली आहे.
पुढच्या बाजूला पप्पांचं अक्षर:
पैंजण, सतरा जोड, मजुरी बाकी.
मागच्या बाजूला माझं:
ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर. बोर्ड. रॅम बत्तीस.
बत्तीसवर काट मारून चौसष्ट,
चौसष्टवर काट मारून पुन्हा बत्तीस.

अकरा महिने झाले या चिठ्ठीला.
घडीवर फाटली, चिकटपट्टी लावली.
दर पगाराला एक आकडा खोडते
आणि वाढवून लिहिते.
चांदीनंही यंदा असंच केलं.
माल हातात येईस्तोवर भाव
हुपरीची वेस ओलांडून गेलेला.

जुनं मशीन चालतंय अजून,
राजारामपुरीतल्या जुबेर बागवाननं
मी कॉलेजात असताना जोडून दिलेलं.
हल्ली त्यात डोंगर उशिरा उगवतात.
दरवाजा आधी येतो, भिंत मागनं.
पुण्याहून सन्मती कानात ओरडते, ‘कुठायस गं?’
मी तिच्या शेजारीच उभी असते,
फक्त दिसायची बाकी.

रविवारी कार्डाची लांबी बघायला
पप्पांची पट्टी मागितली.
तेरा इंच.
‘तेरा इंची पैंजण कुणाच्या पायात घालायचं?’
कॅबिनेटात जागा बारापर्यंतच.
म्हणजे कॅबिनेटही आलं यादीत.
एक पान बदलायला जावं
आणि अख्खा साज नव्यानं गाठवावा लागावा, तसं.

पॉवर सप्लायपाशी मी अडले.
शेजारच्या कारखान्यात पत्रा ओढायचं मशीन सुरू झालं
की आमची ट्यूब डोळा मारते,
आणि मी जिंकत आलेली असते तेव्हा हमखास.
जुबेर म्हणतो, लोक काटकसर नेमकी इथंच करतात,
मग महागाचं कार्ड रुमालात गुंडाळून आणतात,
मेलेल्या चिमणीसारखं.

‘साडेआठशे वॅट, गोल्ड,’ मी वाचून दाखवलं.
पप्पांनी मुशीवरनं मान वर केली.
‘गोल्ड? किती टंच?’
सोनं नसतंय त्यात, मी म्हटलं.
भिंतीतनं शंभर घेतलं तर नव्वद आत पोचतंय,
दहा गरम होऊन उडून जातंय.
एवढं जमलं की गोल्ड म्हणायचं.
‘शंभरात धा तूट?’
खोकला येईपर्यंत हसले.
‘आमी एवढी तूट दिली आसती
तर शेठनं काटा डोक्यात घातला आसता.’

मग फुंकणी खाली ठेवून, जरा दबकत:
‘चांदीचं बी आसंल की त्यात?’
होतं.
ब्रॉन्झ मिळतंय, गोल्ड मिळतंय, वर प्लॅटिनम.
मधली चांदी आता कोणी फारसं बनवत नाही.
खर्च जवळपास तेवढाच,
गोल्ड लिहिलं की खपतंय.

ते काही बोलले नाहीत.
चिमट्यानं कडी उचलली, ज्योतीत धरली,
हवी होती त्यापेक्षा जास्त वेळ.

रात्री जेवणं झाल्यावर बघते तर
माझा उघडलेला बोर्ड त्यांच्या मांडीवर,
डोळ्याला भिंग.
उलटा करून, तिरपा करून, दिव्याखाली.
‘डाक कुणी दिलाय?’
यंत्रानं.
‘तरीच. कुठं हात थांबल्यालं दिसत न्हाई.’

शुक्रवारी हाफ डे टाकला, राजारामपुरीला गेले,
आणि फक्त पॉवर सप्लाय घेऊन आले.
कार्ड पुढच्या दिवाळीला, कदाचित त्याच्या पुढच्या.
बसमध्ये खोकं मांडीवर.
शेजारच्या बाईनं विचारलं, ‘मिक्सर काय?’
व्हय, म्हटलं. पुढचं कुठं सांगत बसू.

घरी जोडायला अजून काहीच नव्हतं.
कोपऱ्यात ठेवून मी अंघोळीला गेले.
परत आले तर खोकं मोठ्या काट्यावर,
पप्पा बाहेर, चपला नाहीत दारात,
आणि चिठ्ठीवर, माझ्या बाजूला,
पेन्सिलीनं दोन ओळी:

जमा एक नग, सतराशे चाळीस ग्रॅम.
टंच नव्वद.