जोडसुरी

काउको पातं घडवतो, मी त्याला घर शिवते.
एकतीस वर्षं एकाच पत्र्याखाली.
त्याची ऐरण दाराशी, ठिणग्यांमुळे.
माझं बाक खिडकीशी, उजेडासाठी,
बाहेर फिनलंडची सपाट शेतं बर्फाखाली,
आणि नोव्हेंबरात तो उजेडही
दुपारी तीनलाच उठून जातो.

साइमानं बूटसुद्धा झाडले नाहीत.
उंबऱ्यात बर्फाचं पाणी झालं, तेवढ्यात
तिनं सांगून टाकलं, जोडसुरी हवी.
मोठी यालमारीला, धाकटी एस्कोला.
म्यान एकच.

काउकोनं माझ्याकडे पाहिलं.
ते दोघे भाऊ अकरा वर्षं बोलत नाहीत,
नदीपलीकडचं जंगल विकलं तेव्हापासून.
दुकानात एक शिरला की दुसरा
पावांच्या फळीमागे थांबून राहतो,
हातात नको असलेला पाव घेऊन.
"बोलत नाहीत म्हणूनच," साइमा म्हणाली
आणि पैसे मोजून ठेवून गेली.

पात्याला पाणी द्यायचं म्हणतात, पण देतात तेलात.
एक फूत्कार, मग तो जळका वास
जो माझ्या केसांतून रविवारीही जात नाही.
मग पुन्हा तापवायचं, हळू,
वाळल्या गवताचा रंग चढेपर्यंत.
मोठीचं पोलाद एका जुन्या करवतीचं,
धाकटीचंही त्याच करवतीचं.
हे आम्ही साइमाला सांगितलं नाही.
मुठी बर्चच्या, गाठाळ लाकडाच्या,
जवसाच्या तेलात आठवडाभर.

एका म्यानात दोन राहत नाहीत म्हणतात.
राहतात. मी शिवते ना.
फक्त मधे पडदा लागतो
दीड मिलिमीटरचा, गाईच्या पाठीचा.

चामडं कोमट पाण्यात, बुडबुडे थांबेपर्यंत.
मग लाकडी साच्यांवर ओढून
दोन सुया, एक मेणदोरा,
प्रत्येक भोकात एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या.
हाडाच्या पट्टीनं दाबत राहायचं.
ओलं असतं तोवर ते सगळं ऐकतं.
चुलीजवळ ठेवलं तर तडकतं,
म्हणून बाहेरच्या खोलीत, खिळ्यावर,
त्याला जितक्या रात्री लागतील तितक्या.

साइमा एप्रिलात गेली.
नदीचा बर्फ फुटत होता, कबरस्तानापर्यंत आवाज येत होता.
दोघे भाऊ खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होते.

एस्को आधी आला.
धाकटी ओढून काढली,
अंगठ्याच्या नखावर धार पाहिली,
वर्तमानपत्रात गुंडाळली.
"आणि म्यान?"
"राहू दे त्याला."
नाव नाही घेतलं.

यालमारी जूनमध्ये, डासांसोबत.
मोठी आत सरकवली. खट्.
(या एका आवाजासाठी माझी बोटं अशी झालीत.)
मग त्यानं रिकाम्या कप्प्यात करंगळी घातली,
दुसऱ्या पेरापर्यंत.
"हे मिटेल ना हळूहळू?"
"नाही."
"वर काही जड ठेवलं तर?"
"तरी नाही. ते आता तिच्याच मापाचं आहे."

त्यानं म्यान पट्ट्याला अडकवलं.
दारापर्यंत गेला, दोन पावलं मागे आला,
पट्टा एका बाजूला ओढत विचारलं,
दोन्ही असत्या तर वजन किती भरलं असतं?

काउकोनं हात पुसले,
वही काढली, पान शोधलं,
आणि सांगितलं,
ग्रॅममध्ये.