उजवी बाजू कुणाची

हाडांचा संच आम्ही तिघींनी मिळून भाड्याने घेतला.
तांदळाच्या पोत्यात आला, तळाशी थोडे दाणे अजून होते.
ओरोसला रात्री वीज गेली की
मोबाइलच्या उजेडात मनगट पाठ करायचो.
आठ हाडं, आठ परकी नावं
आणि आद्याक्षरं धरून ठेवायला
सीनियरांनी दिलेलं एक चावट इंग्रजी वाक्य.
वाक्य आलं. हाडं आली नाहीत.

तोंडी परीक्षेत कडुलकर मॅडमनी
माझ्या तळहातावर एक ठेवलं, सुपारीहून लहान.
"कोणतं? आणि कुठल्या बाजूचं?"
मी मनात वाक्य म्हणत गेले पहिल्या शब्दापासून,
पाढ्यात अडकलं की पुन्हा एकापासून, तसं.
"उजव्या," म्हटलं. माझ्या उजव्या हातात होतं ते.
"कुणाच्या उजव्या?"
चष्मा काढून विचारलं त्यांनी, न रागावता.

शनिवारी सर्जेकोटला गेले.
बाबा होडीखाली उताणे,
फटींत कापूस ठोकत, ओठांत दोन खिळे.
मी सात वर्षांची असताना त्यांनी मला
एकही नाव आधी सांगितलं नव्हतं.
हात धरून लाकडावर ठेवायचे.
"बघ, खंय वळता?"
बोट वळणावरून उतरायचं, थांबायचं,
मग खिळ्यांच्या मधून एकच शब्द यायचा: वांक.
सगळ्यांचा भार घेणारं, तळाचं, ते पठाण.
आणि पाणी आधी चाखतं ते पुढचं टोक, नाळ.
नाळ मला आधी होडीची कळली,
आईच्या पोटातली खूप नंतर, शाळेच्या पुस्तकात,
आणि मी भर वर्गात हसले होते.

एकदा होडीकडे तोंड करून
मी उजवी फळी म्हणाले, ती डावी निघाली.
"उजवी तिची. तुझी न्हय.
तू खंयसून बघतंस, तेचा तिका काय?"

सोमवारी टेबलावरच्या आजोबांचा हात हातात घेतला.
थंड. फॉर्मलिनने डोळे चुरचुरत होते, तसेच मिटले.
त्यांचा उजवा. त्यांचा.
करंगळीच्या बाजूला टपोरा वाटाणा, पिसिफॉर्म.
त्याच्या पुढे, जरा अंगठ्याकडे, खोल दाबलं की आकडा,
सुरमईला लावतात तसला गळ, हॅमेट.
आणि अंगठ्याच्या मुळाशी, खोलगट,
परीक्षेत हातात होतं ते हेच.
बोट तिथेच ठेवून मी उभी राहिले.

त्यांच्या तर्जनीच्या पेरावर एक खाच होती,
दोरीची, वर्षानुवर्षांची.
ती कुठल्याच पानावर नव्हती.
मॅडमना दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या,
मग म्हणाल्या, "पुढे चला."

गणपतीला घरी आले तेव्हा
बाबांना अंगठा ताणून धरायला लावला.
मुळाशी खळगा पडला. जुनी माणसं इथे तपकीर ठेवायची,
नावही तेच, तपकिरीची डबी.
डबीच्या तळाशी दाबलं.
"हेका काय म्हणतत?"
"स्कॅफॉइड. म्हणजे होडी."
त्यांनी मनगट दिव्याकडे धरून
या अंगाने, त्या अंगाने फिरवलं,
कुठे गळतंय का बघावं तसं.
"एवडीशी?" म्हणाले. "आणि पाणी खंय?"