तिसरं वल्हं

आठांची नाव सातांनी निघत नाही.
हॅमंडसरांनी आम्हांला एवढंच गणित शिकवलं,
बाकीचं व्हांगानुईच्या पाण्याने.

पावणेसहाला ते सगळे धक्क्यावर,
आणि मी गोठ्यात:
दूध काढायचं यंत्र बंद पडलेलं,
बाबांचा हात प्लास्टरमध्ये,
अकरा गायी अजून तटतटलेल्या, हंबरत.

सायकल रेटत पोचलो तर उजाडत आलं होतं.
गमबुटांना शेण,
जिभेवर घोकून आणलेली तीन कारणं.
त्यातलं खरं एकच, आणि तेच सर्वांत खोटं वाटणारं.
म्हटलं, गेले असतील घरी.

नाव पाण्यात होती.
सात जण आपापल्या जागी,
सुकाणूवरचा लॉकी थंडीने काकडलेला,
धक्क्याचा दोर मुठीत धरून.
मधे माझी जागा रिकामी
आणि माझं वल्हं
कुणीतरी आधीच कडीत अडकवून ठेवलेलं.

कारणं विचारलीच नाहीत कुणी.
बसलो.
मागून फेटू म्हणाला,
"वास येतोय तुझा."
मग लॉकीने दोर सोडला.

त्या मोसमात आम्ही पाचवे आलो.
नावा सहाच होत्या.